वणीकडची भाऊबीज

दरवर्षी भाऊबीजेला वणी तालुक्यात माझ्या थोरल्या बहिणीकडे जायचे, हा माझा परिपाठ आहे. नोकरी कृषी खात्यातली. दिवाळीच्या सुमारास खरीप आटोपत आलेला असतो आणि रब्बीच्या बियाण्या-खतांची गडबड सुरू झालेली असते. तरी हे दोन दिवस मी कुणाला देत नाही. यवतमाळहून एसटीत बसले की करंजी, मारेगाव करीत गाडी वणीला येते. कार्तिकातला हा प्रवास डोळ्यांना सुख देणारा असतो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कापूस फुटलेला, कमरेला ओट्या बांधून वेचणाऱ्या बाया, धुऱ्यावर ठेवलेली गाठोडी, तुरीला आलेली पिवळी फुले. मारेगावपर्यंत कापूस पांढरा आहे, असे वेगळे सांगायची गरज वाटत नाही. कापूस पांढराच असायचा.

वणी सोडून गाडी घुग्घुसच्या बाजूला वळली, की मात्र रंग बदलू लागतो. हा सारा वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळशाचा पट्टा. नदीच्या अलीकडे यवतमाळ जिल्हा, पलीकडे चंद्रपूर जिल्हा, आणि दोन्हीकडे जमिनीखाली कोळसा. पुढे उघड्या खाणींतून काढलेल्या मातीचे डोंगर दिसू लागतात. परक्या माणसाला ते खरेच डोंगर वाटावेत, इतकी त्यांच्यावर आता झुडपे माजली आहेत. रस्त्याने ट्रकांची रांग. बाभळीची, कडुनिंबाची पाने रस्त्याकडून काळी आणि पलीकडून हिरवी. चहाच्या टपरीवर मालक कपावर बशी उपडी ठेवूनच चहा देतो. आपली जमीन काळी, त्याचा आपल्याला अभिमान; पण इथे जमिनीवर उगवलेलेही काळे.

ताईचे वावर रस्त्यापासून दोन शेते आत आहे. घरी पाणी पिऊन मी आधी वावरात गेलो. सवयच आहे ती. झाडे चांगली कमरेच्या वर वाढलेली, बोंडांची संख्याही बरी. एक पान तोडून मी बोटाने पुसले. पानावर हिरवा पट्टा उमटला आणि बोट काळे झाले.

शेतकरी बंधु-भगिनींना पानाचे काम सांगायला नको. पान म्हणजे झाडाची चूलही आणि नाकही. उन्हावर ते अन्न शिजवते आणि खालच्या बाजूच्या बारीक छिद्रांतून श्वास घेते. वरती धुळीचा थर बसला की ऊन कमी पोचते, आणि छिद्रे बुजली की श्वास कोंडतो. शिवाय धुळीच्या पानावर लाल कोळी लवकर वाढतो, आणि फवारलेले औषध पानाला लागण्याऐवजी धुळीलाच लागते. बोंड फुटल्यावर तर विचारूच नका. फुटलेले बोंड म्हणजे उघडा ठेवलेला कापसाचा बोळा. हवेतून जे येईल ते धरून ठेवणारच. सकाळच्या दवात वेचणी केली तर पालापाचोळा कमी चिकटतो, असे मी गावोगाव सांगत आलो आहे. त्या सल्ल्याने कोळशाची भुकटी निघत नाही. खेडा खरेदीचा व्यापारी गाठोड्यात हात घालतो, कापूस उजेडात धरतो आणि काही न बोलता भाव खाली आणतो. मागे एका वर्षी ताईच्या कापसाला क्विंटलमागे तीनशे रुपये कमी मिळाले होते. त्यावर भाऊजी म्हणाले होते, "वजनात कोयसाबी मोजला, हे उपकारच म्हना." भाऊजींचा स्वभाव असा आहे.

रात्री जेवणे झाली आणि नातवाचा खोकला सुरू झाला. ताईचा हा नातू शाळेत दुसरीला आहे. दिवसा अंगणात टायर पळवत होता तेव्हा काही जाणवले नव्हते. पण थंडी पडू लागली की रात्री त्याची छाती घुरघुरते. सुनेने कपाटातून औषधाचा छोटा पंप काढला, त्याला प्लास्टिकची नळी लावली, त्याच्या तोंडाशी धरली. पोराने मोजून श्वास घेतले. घरातले सगळे त्या वेळी गप्प होते. मीही गप्प होतो आणि मला २०२३ सालचा हिवाळा आठवत होता.

त्या डिसेंबरात एक दिवस ताईचा फोन आला. "भाऊ, येतानी आपल्या घरचा सेरभर कापूस आन," ती म्हणाली. कशाला, ते सांगितले नाही. जवळच्या एका खाणीच्या विस्ताराची जनसुनावणी होती आणि ताईला तिथे बोलायचे होते. जनसुनावणी हा शब्द आता आपल्या गावांतही रुळला आहे, तरी दोन शब्द सांगतो. मोठी खाण किंवा कारखाना काढायचा अगर वाढवायचा असला, तर २००६ सालच्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे बहुतेक प्रकल्पांना आधी लोकांचे म्हणणे ऐकावे लागते. प्रदूषण नियंत्रण मंडळ वर्तमानपत्रात निदान तीस दिवस आधी नोटीस देते. प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत करून जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत वगैरे पाहायला ठेवावा लागतो. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे वरिष्ठ प्रतिनिधी असतात, सगळ्या कामकाजाचे चित्रण होते. बोलायला पदवी लागत नाही की पुढाऱ्याची चिठ्ठी लागत नाही.

घरात मात्र दोन तट पडलेले होते. ताईचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर. पाच एकरांत दोन भाऊ, तेव्हा त्याने ती वाट धरली, त्यात काही चूक नाही. "आई, तू तिथं बोलली तर उद्या मले गाडीवर कोन ठेवन?" हा त्याचा प्रश्न होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. ज्या पोराला रात्री धाप लागत होती तो त्याचाच. औषध येत होते ते त्याच्याच पगारातून, आणि पगार येत होता त्याच कोळशातून. बाहेरच्या माणसाने येऊन 'बोला, गप्प बसू नका' असे सांगणे फार सोपे असते. मी तेही सांगितले नाही. मी फक्त ताईला निवेदन लिहून दिले. शासकीय भाषेत, दोन फुलस्केप, 'उपरोक्त विषयास अनुसरून' पासून 'सदर बाब आपल्या निदर्शनास आणून देण्यात येत आहे' पर्यंत. तिने ते दोनदा वाचले आणि घडी करून कमरेला खोचले.

सुनावणीचा मांडव मोठा होता. पुढे सोफे, मागे खुर्च्या, त्यामागे उभी माणसे. आधी प्रकल्पाची माहिती झाली, मग पुढारी बोलले. कोणी नोकऱ्या मागितल्या, कोणी जमिनीचा भाव. मागायलाच हव्यात अशा गोष्टी होत्या त्या. हवेबद्दल कोणी बोलले नाही. दोन तासांनी ताईचे नाव पुकारले. ती उठली, कमरेचा कागद काढला, आणि काय वाटले कोण जाणे, तो माझ्या हातात देऊन पुढे गेली. हातात फक्त एक थैली.

"साहेब, मले भाषन येत नाई," ती म्हणाली. तिने थैलीतून दोन पुड्या काढून टेबलावर सोडल्या. "हा कापूस माह्या भावाच्या गावचा, दारव्ह्याकडचा. हा माह्या वावरातला. वान एकच हाये. पाहा." मग तिने औषधाच्या पंपाचे रिकामे डबे एकेक करून मांडले. अकरा निघाले. "हे माह्या नातवाचे. दोन वर्सातले. मी फेकले नाई. मले खान बंद करा असं म्हनायचं नाई. माहा पोरगा त्याच गाडीवर हाये. पन कोयसा झाकून न्या, रस्ता ओला ठेवा, अन् ज्याच्या वावरात धूय पडते त्याच्या कापसाचे पैसे द्या. इतकंच."

मांडवात शांतता झाली. मग मागून कोणीतरी ओरडले, "बाई, तुमच्या घरी चूल पेटत नाई का? तिचा धूर लेकराले लागत नाई?" लोक हसले. ताईने मागे वळून पाहिले. "पेटते. लागतबी असन. माही चूल मी पाह्यतो, तुमची तुमी पाहा."

यानंतरचा प्रसंग लिहू की नको, असा मला प्रश्न पडला होता. टेबलावरच्या दोन पुड्यांकडे पाहून अध्यक्षांनी विचारले, "धुळीने पिकाचे नुकसान होते का, हे सांगू शकेल असे कृषी विभागाचे कोणी इथे उपस्थित आहे का?" मी शेवटून दुसऱ्या ओळीत होतो. अकोल्याच्या विद्यापीठातून बी.एस्सी. ॲग्री झालेला, वीस वर्षांहून अधिक कापसात घालवलेला माणूस. तो तालुका माझा नव्हता, मी रजेवर होतो, बोलणारी बाई माझी सख्खी बहीण, वरून नोकरीचे नियम. ही सगळी कारणे मला एका क्षणात सुचली आणि सगळी खरी होती. मी खाली वाकून बुटाची नाडी बांधली. ती सुटलेली नव्हती.

सुनावणीच्या शेवटी कामकाजाचा वृत्तांत लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवावा लागतो. त्या वेळेपर्यंत निम्मा मांडव रिकामा होतो, हे मी पुढे आणखी दोन ठिकाणी पाहिले. ताई मात्र बसून होती. वृत्तांतात वाक्य आले, 'एका महिला ग्रामस्थाने धूळ नियंत्रणाबाबत सूचना मांडली.' ताई पुन्हा उभी राहिली. "सूचना नाई साहेब, हरकत हाये. अन् कापूस, नातू, अन् पैसे, तिन्ही लिहा. माहं नावबी लिहा." अध्यक्षांनी लेखनिकाकडे पाहिले. तिन्ही लिहिले गेले, नावासकट. हा वृत्तांत पुढे मंजुरी देणाऱ्यांकडे जातो आणि त्यातल्या मुद्द्यांना प्रकल्पवाल्यांना अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. म्हणून 'सूचना' आणि 'हरकत' यांतला फरक शब्दापुरता नाही. मला तो कागदोपत्री माहीत होता. तिला तो कसा कळला, हे मी अजून विचारलेले नाही.

पुढे काय झाले ते खरे खरे सांगतो. दोन महिन्यांत रस्त्यावर पाण्याचा टँकर फिरू लागला, सकाळ-संध्याकाळ. चार महिन्यांनी तो दिवसातून एकदा झाला, आणि उन्हाळ्यात, जेव्हा धूळ सर्वांत जास्त, तेव्हा बंद पडला. ताई आणि आणखी सात-आठ बाया ग्रामपंचायतीत गेल्या, मग पुन्हा सुरू झाला. ट्रकांवर ताडपत्र्या आल्या. कापसाच्या नुकसानीचा संयुक्त पंचनामा झाला आणि रस्त्यालगतच्या शेतांना एका हंगामाचे पैसे मिळाले. ताईचे वावर दोन शेते आत, म्हणून तिला मिळाले नाहीत. भाच्याला दीड महिना गाडी मिळाली नाही. त्या दीड महिन्यात तो आईशी बोलला नाही. जेवायला बसायचा, ताट सरकवायचा, उठायचा. पुढे त्याला दुसऱ्या ठेकेदाराकडे काम मिळाले. आता तो ताडपत्रीच्या दोऱ्या स्वतः आवळतो, एवढे मी यंदा पाहिले. आईविषयी तो काही बोलत नाही.

आणि चूल. सुनावणीतला तो टोमणा ताईच्या मनाला लागला होता. घरात गॅस होता, पण सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवरच. माझ्या लहानपणी, १९८० नंतरच्या काळात, निर्धूर चुलींची मोहीम आली होती. आमच्याही घरी एक बसवली. तिचे धुराडे कोणी साफ केले नाही आणि वर्षभरात ती इतर चुलींसारखीच झाली. खोलीत कोंडलेला चुलीचा धूर बाहेरच्या धुळीपेक्षा सोज्वळ असतो, असा आपला एक गोड समज आहे. लाकडाच्या, गोवरीच्या धुरातही तेच बारीक कण असतात, आणि चुलीपुढे बसणारी बाई व तिच्या मांडीवरचे मूल ते अगदी जवळून ओढतात. ताईने भाकरी गॅसवर आणली. पाण्याची चूल परसात, वाऱ्याच्या खालच्या अंगाला नेली. पऱ्हाटी धुऱ्यावर पेटवायचे बंद केले. ती आता भाड्याच्या यंत्राने बारीक करून खतात जाते. ते मी आधीपासून सांगत होतोच, कारण उभी किंवा रचलेली पऱ्हाटी म्हणजे गुलाबी बोंडअळीचे पुढच्या वर्षापर्यंतचे घर. माझे ऐकून ताईने कधी केले नव्हते. पोराचा खोकला त्याने थांबला नाही. सून म्हणते, रात्री उठावे लागते ते कमी झाले.

दुसऱ्या दिवशी नातवाला चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे दाखवायचे होते, म्हणून मीही बरोबर गेलो. चंद्रपूर मला आवडते. गोंड राजांचा परकोट अजून गावाला वेढून उभा आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा हे चार दरवाजे. एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट. आणि चैत्रात महाकालीच्या यात्रेला लोटणारी माणसे. जटपुरा दरवाज्याच्या कमानीखाली आजही वाहने अडतात आणि माणसे एकमेकांवर ओरडतात. तिथून बाहेर पडून ताडोब्याच्या रस्त्याला लागले, की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. १९८३-८४ साली सुरू झालेले हे केंद्र. आज २९२० मेगावॉटचे, महानिर्मितीच्या केंद्रांत सर्वांत मोठे. आपल्या विहिरीवरची मोटर रात्री दोन वाजता फिरते तेव्हा त्यातली थोडी वीज इथलीही असते, हे विसरून या शहराबद्दल बोलणे बरोबर नाही.

पण या शहराने त्याची किंमत मोजली आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला. शंभरात सत्तरच्या वर गेले की अतिप्रदूषित. चंद्रपूरला मिळाले ८३.८८ आणि देशात चौथा क्रमांक. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. जानेवारी २०१० मध्ये अशा भागांत नव्या प्रकल्पांना काही काळ मनाई झाली. २०१९ मध्ये केंद्राचा शुद्ध हवेचा कार्यक्रम आला, त्याच्याही यादीत चंद्रपूर आहे.

दवाखान्यात गर्दी होती, त्यात निम्मी लहान मुले. डॉक्टरांनी नातवाची छाती तपासली आणि माझे खाते कळल्यावर मला माझ्याच भाषेत समजावले. "साहेब, नाकातले केस म्हणजे तुमचे शेताचे कुंपण. गुरे अडतात, उंदीर नाही." जाड धूळ नाकात, घशात अडते. जे कण अडीच मायक्रॉनपेक्षा लहान, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे, ते थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. अशा कणांचे हवेतले वर्षाचे सरासरी प्रमाण घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमच्या आत असावे, असे आपल्या देशाचे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ते ५ वर आणायला सांगितले. तोंडाला रुमाल बांधून जाड धूळ अडते, हे कण नाही. हिवाळ्यात त्रास का वाढतो, तेही कळले. गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला आपण पहाटे जातो तेव्हा धुऱ्यावरच्या शेकोटीचा धूर वर न जाता चादरीसारखा खाली पसरलेला दिसतो ना? जमिनीलगतची हवा थंड आणि जड, वरची उबदार. झाकण बसल्यासारखे होते. सगळ्या शहराचा आणि खाणपट्ट्याचा धूर त्या झाकणाखाली राहतो.

परत येताना पोर माझ्या मांडीवर झोपले होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली एका निकालात म्हटले आहे, की प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. ते मी कुठल्याशा प्रशिक्षणात लिहून घेतले होते. एसटीच्या खिडकीची काच बसत नव्हती; मी सगळी वाट तिच्यावर हात धरून बसलो.

त्या सुनावणीनंतरच्या उन्हाळ्यात माझ्या मंडळातल्या एका गावी ग्रामसभेत गिट्टी क्रशरच्या धुळीचा विषय निघाला होता. कोणी विचारायच्या आत मी उभा राहिलो. फार बोललो नाही. पानाचे सांगितले, लाल कोळ्याचे सांगितले, आणि ते माझ्या नावाने इतिवृत्तात लिहा म्हटले. वरिष्ठांनी नंतर एक फोन केला, तेवढाच. ताईला हे मी यंदा सांगितले. ती फक्त "बरं केलं" म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

निघताना तिने मला ओवाळले, मी ताटात साडी आणि पाकीट ठेवले. सूनबाईने पोराच्या हातून माझ्या पिशवीत एक पुडी ठेवली. माझ्या बायकोसाठी तुळशीच्या लग्नाच्या वाती, ताईने घरच्याच कापसाच्या वळलेल्या. दोन-चार वाती मी हातावर घेऊन पाहिल्या. करड्या होत्या.

"धुतल्या दोनदा," ताई म्हणाली. "पन तेलात भिजल्या का समजत नाई."